मातीचा सिंहगड आणि पडद्यावरची गुहा

आमच्या खडकवासल्याच्या धरणाच्या भिंतीजवळ उभें राहून दक्षिणेकडे पाहिलें म्हणजे सिंहगडाचा माथा व त्यावरील दूरदर्शनचा मनोरा हीं दोन्ही एकदमच दृष्टीस पडतात. ह्या गांवच्या मुलाला गडाचें चित्र काढावयास सांगितलें तर तो मनोऱ्यासकट गड काढतो. पुण्याच्या पेठेंतील मुलगा बहुधा मनोरा गाळतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढें असतो तो पुस्तकांतला गड. चित्र काढणारा काय पाहून काढतो व कशाच्या ओढीनें काढतो, इकडे लक्ष द्यावें हें कळण्यास मला शिक्षकाच्या धंद्यांत पुष्कळ वर्षें घालवावीं लागलीं. व तें कळण्यापूर्वीं माझ्या हातून एक चूक घडली. ती प्रथम सांगतों, म्हणजे पुढील विवेचन कशासाठीं आहे हें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस समजेल.

सुमारें दहा वर्षांपूर्वीं सातवीच्या एका मुलाच्या निबंधाच्या वहींत, मागील आठ-दहा पानांवर, मला एका बेटाचीं चित्रें आढळलीं. बर्फाचें बेट, त्याचें बंदर, दीपगृह, घसरण्याचा डोंगर, खालीं खाणींतलीं भुयारें, आणि जिकडे तिकडे रंगीत पेंग्विन पक्षी. त्याच्या मामाच्या संगणकावर तो एक ऑनलाइन खेळ खेळत असे, त्यांतलें हें जग होतें. "ही निबंधाची वही आहे, खेळाची नव्हे," असें म्हणून मीं तीं पानें फाडून घेतलीं व टेबलाच्या खणांत टाकलीं. वर्षाअखेर खण रिकामा केला, त्याबरोबर तींही केरांत गेलीं. मुलगा त्या वेळीं कांहीं बोलला नाहीं. पुढें कॉलेजांत गेल्यावर एकदां तो मला एस. टी.च्या थांब्यावर भेटला, इकडचें तिकडचें बोलला, आणि निघतां निघतां अगदीं संकोचानें म्हणाला, "सर, माझ्या वहींतलीं तीं पानें तुम्हीं ठेवलीं होतीं का हो? तो खेळ आतां बंद झाला."

त्या खेळाचें नांव क्लब पेंग्विन. कॅनडांतील केलोना शहरीं तो तयार झाला व ऑक्टोबर २००५ मध्यें सर्वांस खुला झाला. दोन वर्षांनीं, २००७ सालीं, डिस्ने कंपनीनें तो विकत घेतला. देशोदेशींचीं मुलें एकाच बेटावर पेंग्विनच्या रूपानें एकत्र येत, आपापलीं बर्फाचीं घरें सजवीत व गुप्त हेर होऊन साहसाच्या कामगिऱ्या पार पाडीत. बेटाजवळ एक हिमनग होता. सर्वांनीं मिळून त्याच्या एकाच कडेला उभें राहिलें तर तो कलंडेल, अशी वदंता मुलांत कित्येक वर्षें चालू होती. मुलें शेंकड्यांनीं तेथें जमत, पण हिमनग ढिम्म हलत नसे. शेवटीं खेळ बंद करावयाचें ठरलें तेव्हां चालकांनीं जातां जातां तो एकदांचा कलंडविला. २०१७ च्या मार्चअखेर बेट नाहींसें झालें. पुस्तक छपाईंतून गेलें तरी एखाद्या कपाटांत त्याची प्रत उरते. पण असा खेळ चालकांच्या यंत्रांवर असतो, आणि तीं यंत्रें थांबलीं म्हणजे खेळणाऱ्याच्या हातीं, त्यानें स्वतः जें काढून किंवा लिहून ठेविलें असेल त्याखेरीज, कांहींही राहात नाहीं. माझ्या विद्यार्थ्यानें तें ठेविलें होतें. मीं तें टाकून दिलें.

एखाद्या कथेवर, नाटकावर, सिनेमावर वा खेळावर जीव जडलेल्या माणसांनीं तीच पात्रें व तींच स्थळें स्वतःच्या हातानें, पैशाची अपेक्षा न धरतां, पुनः रंगवावीं, ह्याला हल्लीं चाहत्यांची कला असें म्हणतात. नांव नवें आहे. वस्तु मात्र आपल्या अंगणांतली आहे. दिवाळींत आपण किल्ला करतों तो दुसरें काय असतो?

शाळेला सुटी लागली कीं वाड्यांतलीं व सोसायट्यांतलीं मुलें दगड, विटांचे तुकडे व पोतीं गोळा करूं लागतात. दगड-विटांचा ढीग रचून त्यावर गोणपाट पसरावयाचें, त्यावर चिखल थापावयाचा, कडे तासावयाचे, तटाला बोटांनीं बुरुज काढावयाचे, पायऱ्या कोरावयाच्या. हळीव किंवा मोहरी पेरली म्हणजे चार दिवसांत हिरवें रान उगवतें. पण पाणी जास्त झालें तर बुरुज ढासळतो, आणि कमी पडलें तर रान उगवत नाहीं, म्हणून सकाळ-संध्याकाळ हातानें शिंपडणारा एक शहाणा गडी लागतो. खालीं गांव, विहीर, शेत. वाटेवर बाजारांतून आणलेले मावळे. आणि सर्वांत उंच जागीं सिंहासनावर महाराज. महाराजांची मूर्ति बुरुजापेक्षां मोठी असते, वाघ हत्तीएवढा असतो, आणि एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याशीं आगगाडीही धांवते. मोठीं माणसें ह्याला हंसतात. मला वाटतें, प्रमाणाचें ज्ञान नसल्यामुळेंच मुलें असें करतात असें नाहीं. जें प्रिय तें मोठें काढावें, ही चित्रकलेंतली फार जुनी रीत आहे.

येथें माझी स्वतःची एक आठवण सांगण्याचा मोह आवरत नाहीं. आमचें घर ख्रिस्ती. शेजारचीं सर्व घरें हिंदु. दिवाळींत शेजारच्या मुलांबरोबर मीही कोपरापर्यंत चिखलांत असें, आणि नाताळ आला कीं तेच सवंगडी आमच्या ओटीवर ख्रिस्तजन्माचा देखावा उभारावयास येत. नवीं चित्रें विकत घेण्यास आईजवळ पैसे नसत, म्हणून दिवाळींतले मावळे ढाल-तलवारीसकट घोंगड्याच्या चिंध्या पांघरून मेंढपाळ होत, व किल्ल्यावरची गाय गव्हाणीपाशीं येऊन बसे. हा देखावा करण्याची चालही अशाच ओढींतून वाढली. इ. स. १२२३ मध्यें इटलींतील ग्रेच्चो ह्या गांवीं असिसीच्या संत फ्रान्सिसानें खरी गव्हाण, गवत, बैल व गाढव आणून तो प्रसंग लोकांच्या डोळ्यांसमोर उभा केला. त्याला बेथलेहेम दाखवावयाचें होतें. त्याच्या हाताशीं होतें तें इटलींतलें गवत.

असो. आतां आपल्या सिंहगडाकडे वळूं. एकाच प्रसंगावर चाहत्यांचे हात कसे फिरत जातात ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं. दिनांक ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसरे ह्यांनीं गड घेतला व त्यांत ते पडले, ही इतिहासांतली गोष्ट. सभासदानें सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरींत मावळे कडा चढून गेले एवढेंच येतें. तींत घोरपड नाहीं. घोरपड आहे ती शाहीर तुलसीदासाच्या पोवाड्यांत. हा पोवाडा ॲकवर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांनीं १८९१ सालीं छापलेल्या संग्रहांत आला. पुढें हरि नारायण आपटे ह्यांनीं त्या प्रसंगावर 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी लिहिली. तिच्यावरून कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीं १९२३ सालीं 'सिंहगड' हा मूकपट काढला. त्यांतील रात्रींच्या प्रसंगांसाठीं त्यांनीं कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला, आणि शेलारमामाचें काम केलें व्ही. शांताराम ह्यांनीं. जानेवारी २०२० मध्यें 'तान्हाजी' हा हिंदी चित्रपट आला, त्यांत एक प्रचंड तोफ होती; त्या वर्षीं दिवाळींत आमच्या गांवच्या निम्म्या किल्ल्यांवर ती तोफ चढली!

शाहिरानें घोरपड दिली, कादंबरीकारानें प्रेमकथा दिली, पेंटरांनीं उजेड दिला, चित्रपटानें तोफ दिली. प्रत्येकानें आपल्या आवडीचें कांहीं तरी घातलें, आणि आमच्या मुलांनीं तें सगळें एकाच ढिगाऱ्यावर मांडलें. ह्यांत कोणीही लबाडी केलेली नाहीं. मात्र इतिहासाच्या तासाला मी एक प्रश्न अवश्य विचारतों : हें तुमच्या किल्ल्यावर कोठून आलें? मातीची घोरपड करावयास माझी मुळींच हरकत नाहीं. ती पोवाड्यांतून आली हें मात्र करणाऱ्याला ठाऊक असावें. गडाच्या नांवाचेंही तसेंच. तानाजींच्या मृत्यूवरून कोंढाण्याचा सिंहगड झाला असें आपण लहानपणापासून ऐकतों. पण १६७० च्या पूर्वींच्या पत्रांतही सिंहगड हें नांव संशोधकांस आढळलें आहे. हें प्रथम ऐकलें तेव्हां माझ्या वर्गांतील एक मुलगी रडकुंडीला आली होती. तिची समजूत घालणें मला जड गेलें, कारण तिचें प्रेम खोटें नव्हतें.

ह्यावर मला सुचलेला उपाय म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन गडावर जाणें. आम्ही दर हिंवाळ्यांत आतकरवाडीच्या पायवाटेनें चढतों. गड समुद्रसपाटीपासून सुमारें तेराशें मीटर उंच आहे. मुलांच्या मातीच्या सिंहगडाला नेहमीं एकच दरवाजा असतो. प्रत्यक्षांत पुण्याच्या बाजूनें जावें तर एकापुढें एक तीन दरवाजे लागतात, आणि दुसऱ्या अंगास कल्याण दरवाजा निराळाच. तीन दरवाजे कां, हें पुस्तकांतून सांगितलें असतां कोणी लक्ष देत नाहीं. पण पहिल्या दरवाजांतून आंत शिरून चित्र काढावयास बसलें कीं, वरच्या तटावरून आपल्यावर सहज दगड टाकतां येईल हें मुलांनाच दिसतें व तीं एकदम वर पाहूं लागतात. देवटाक्याचें पाणी, दारूचें कोठार, राजाराम महाराजांची समाधि, तानाजींचें स्मारक, हीं सर्व कागदावर येतात. एका मुलीनें मडक्यांतलें दही विकणारी बाईही काढली. तिला मीं ती बाई पुसावयास सांगणार होतों. पण मग खणांतलीं तीं पानें आठवलीं, आणि गप्प बसलों.

आतां कोणी म्हणेल, मातीचा किल्ला आणि पडद्यावरचा खेळ ह्यांचें नातें काय? एक मातींत हात घालावयास लावतो, दुसरा डोळे बिघडवितो. डोळ्यांच्या बाबतींत पालकांशीं माझें दुमत नाहीं. परंतु पडद्यावरच्या साहसी खेळांचा जन्म कसा झाला ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेंत विल्यम क्राउथर नांवाचे एक गृहस्थ होते. धंद्यानें ते संगणकाचे जाणते. आजच्या इंटरनेटच्या आधीं जें आर्पानेट नांवाचें जाळें होतें त्याच्या उभारणींत त्यांचा हात होता. छंद मात्र गुहांत उतरण्याचा. केंटकी प्रांतांतील मॅमथ गुहा ही जगांतील सर्वांत लांब गुहा. तिच्या परिसरांतील बोगदे मोजून त्यांचे नकाशे करण्याचें काम ते व त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया मिळून करीत. ९ सप्टेंबर १९७२ रोजीं फ्लिंट रिज व मॅमथ ह्या दोन गुहा आंतून जोडलेल्या आहेत असें ज्या तुकडीनें शोधून काढलें, तींत त्या बाई होत्या. पुढें पतिपत्नी विभक्त झालीं. क्राउथरांच्या दोन लहान मुली होत्या. गुहेंत जाणें सुटलें होतें व मुलींपासूनही दुरावा आला होता; तेव्हां सुमारें १९७५-७६ च्या दरम्यान, मुलींस खेळतां यावा म्हणून, त्यांनीं संगणकावर एक खेळ रचला. त्यांत एकही चित्र नव्हतें. तुम्ही कोठें उभे आहां तें संगणक शब्दांत सांगे. उत्तरेस जा, दिवा घे, असें तुम्ही एक-दोन शब्दांत उत्तर लिहावयाचें. खेळांतील बोगदे काल्पनिक नव्हते. ते त्यांच्याच नकाशांतले होते. बुटके, खजिना वगैरे गोष्टी वर घातलेल्या. १९७७ सालीं डॉन वुड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें क्राउथरांची परवानगी घेऊन तो खेळ वाढविला, आणि जाळ्यावरून तो विद्यापीठांविद्यापीठांतून पसरला. पुढें अभ्यासकांनीं त्या गुहेंत उतरून पाहिलें, तेव्हां खेळांतील पुष्कळ वर्णन खऱ्या जागांशीं जुळतें असें त्यांस आढळलें.

माझें लक्ष वेधून घेतलें तें आणखी एका गोष्टीनें. चित्रें नसल्यामुळें खेळणारांस वाट सांपडेना. म्हणून प्रत्येक जण शेजारीं कागद घेऊन स्वतः गुहेचा नकाशा काढीत बसे. म्हणजे एका माणसानें खऱ्या गुहेचा नकाशा केला, नकाशावरून शब्दांची गुहा केली, आणि ती पाहून हजारों अनोळखी माणसांनीं पुनः नकाशे काढले. पेंग्विनच्या बेटाचा नकाशा काढणारा माझा विद्यार्थी त्याच रांगेंतला होता, हें मला तेव्हां कोठें ठाऊक होतें!

ह्या सर्वांच्या मुळाशीं एक ओढ आहे. इंग्रजींत तिला नॉस्टॅल्जिया म्हणतात. मराठींत स्मरणरंजन हा शब्द रूढ झाला आहे. इंग्रजी शब्दाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. तो एका आजाराचें नांव म्हणून जन्मास आला. इ. स. १६८८ मध्यें बाझेल येथील योहानेस होफर ह्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधासाठीं दोन ग्रीक शब्द जोडून तो बनविला. एकाचा अर्थ घरीं परतणें, दुसऱ्याचा वेदना. परमुलुखांत चाकरी करणारे स्विस शिपाई घरच्या आठवणीनें झुरत व खंगत, त्या दुखण्याचें हें नांव. आपला मराठी शब्द पाहा : त्यांत वेदना नाहींच, नुसतें रंजन आहे! मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. सासरीं गेलेली मुलगी माहेरच्या अंगणाची आठवण काढते तेव्हां तिला रंजनही होत असतें आणि दुखतही असतें.

आमच्या ह्या बाजूच्या वृद्धांना हें सांगावें लागत नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तें पाणी खडकवासल्याच्या जुन्या धरणास पेलवलें नाहीं, आणि मुठेच्या पुरानें पुण्याच्या नदीकांठच्या पेठा वाहून गेल्या. धान्य, भांडीं, कपडे मागाहून मिळाले. जुने फोटो व पत्रें कशीं मिळणार? पुरांतून वांचलेले एक आजोबा मला ओळखीचे होते. ते बोलतां बोलतां चटईवर बोटानें आपला वाडा काढीत : हा दरवाजा, ही विहीर, हा जिना. वर्षानुवर्षें त्यांनीं तो चटईवर काढला. कागदावर काढून ठेवा असें त्यांना कोणींच, मींही, सुचविलें नाहीं.

पालकांस माझी एक विनंती आहे. किल्ल्यांच्या स्पर्धेच्या दिवशीं आपण येतां, आणि "आमच्या वेळीं असे तयार बुरुज नव्हते, आमच्या वेळीं मुलें पडद्यासमोर बसत नसत," असें ऐकवितां. तें खरें असेल. पण मूल तें ऐकून घेतें व निघून जातें, कारण त्यांत त्याला करण्यासारखें कांहीं नसतें. त्याऐवजीं, आमच्या वेळीं तट कसा थापीत तें खालीं बसून दाखवा; चिखल कपड्यांना लागेल, लागूं द्या. आणि मुलगा आपल्या खेळांतलें एखादें पात्र काढून आणील तेव्हां हें कोण, हें कोठें राहतें, एवढें तरी विचारा. खेळाला वेळ ठरवून द्यावा, तो संपतांच पडदा बंद करावा; चित्राच्या वहीला तो नियम लावूं नये.

विद्यार्थ्यांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, दुसऱ्याचें चित्र उतरवून त्याखालीं आपलें नांव घालूं नका. कोणाचें पाहून काढलें तें लिहा. आपल्या आवडीच्या जगाचें चित्र काढणें निराळें आणि तें जगच परवानगीवांचून चालविणें निराळें. पेंग्विनचा खेळ बंद झाल्यावर कांहीं चाहत्यांनीं त्याच्या हुबेहूब नकला जाळ्यावर चालू केल्या. त्यांतील एक फार लोकप्रिय झाली. एप्रिल २०२२ मध्यें लंडनच्या पोलिसांच्या कारवाईनंतर ती बंद पडली. त्या लोकांचें प्रेम मला समजतें, पण वुड्सनें क्राउथरांस आधीं विचारलें होतें हें विसरतां येत नाहीं. दुसरी गोष्ट, चित्राच्या पाठीवर तारीख घाला. आज हें हास्यास्पद वाटेल. पण फेब्रुवारींतल्या गडावर गवत वाळलेलें असतें आणि श्रावणांतला गड हिरवागार असतो, आणि वीस वर्षांनंतर तुमच्या चित्रांतला रंग पाहून तुम्हांलाच प्रश्न पडेल.

जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला. शिवनेरी, राजगड, रायगड, लोहगड त्यांत आहेत. आमचा सिंहगड त्यांत नाहीं. वर्गांत ह्यावर मोठा गदारोळ झाला. "मग आम्ही ह्या वर्षीं राजगड करूं का, सर?" असें एकानें विचारलें. मी म्हणालों, करा. मात्र आधीं पाहून या. त्या दिवाळींत गांवांत तीन-चार राजगड झाले, पण बाकीचे सारे सिंहगडच होते, आणि दोहोंवर काड्यांचा दूरदर्शनचा मनोराही होता.

त्याच दिवाळींत तो माझा जुना विद्यार्थी घरीं आला. धाकट्या मावसभावाचा किल्ला पाहावयास मला घेऊन जाण्याचें निमित्त होतें. जातांना त्यानें माझ्या हातीं गुंडाळलेला एक मोठा कागद दिला. आठवून आठवून त्यानें तें बेट पुनः काढलें होतें : बंदर, दीपगृह, डोंगर, कलंडलेला हिमनगसुद्धां. तो कागद आतां आमच्या वर्गाच्या भिंतीवर आहे. त्याच्या उजव्या कोपऱ्यांत, खाणीच्या पलीकडे, थोडी जागा कोरी आहे. तेथें काय होतें हें त्याला कांहीं केल्या आठवलें नाहीं. त्या जागीं त्यानें बारीक अक्षरांत पेन्सिलीनें लिहिलें आहे : "हें वहींत होतें."